चाचणीत नसलेली बाई

१२ जानेवारी १९८५, मुलुंड

आजच्या पेपरात पाचव्या पानावर, एका बँकेच्या जाहिरातीखाली, चार ओळी आहेत. घाटकोपर येथे स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू. नाव मालन, वय तेवीस. त्याच्याखाली लगेच हॉकीच्या सामन्याची बातमी.

ही मालन म्हणजे धाकूकाकांची मोठी मुलगी. धाकूकाका आणि माझे बाबा एकाच गावचे, एकाच गिरणीत, एकाच खात्यात. बाबा गेले, गिरणी संपात बंद पडली ती पडलीच, आणि धाकूकाका आता इथेच मुलुंडला एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन आहेत. मालन शाळेत असताना मी तिला गणित शिकवायचे. गणित तिला शेवटपर्यंत आलं नाही. चुकलं की ती अशी खदखदून हसायची की रागवायचं राहूनच जायचं.

सकाळी पेपर वाचून मी इतकी ओरडले की समोरच्या ब्लॉकचं दार उघडलं. चंद्रप्रकाश म्हणाला, ओरडू नकोस, लिही. नवऱ्यांना बायकोचा राग कागदावर बरा वाटतो, शेजारी ऐकू जात नाही. ठीक आहे. कॉलेजच्या डायरीत शनिवारसाठी अर्धं पान असतं, मी रविवारचंही वापरणार.

तर राग कशाचा, ते आधी लिहिते. "स्टोव्हचा भडका उडून." जणू स्टोव्ह काय, आकाशातली वीज आहे. मी घाटकोपरच्या कॉलेजात फिजिक्स शिकवते, आणि गेली काही वर्षं एवढी एकच गोष्ट सांगत फिरते आहे की यंत्र आपोआप काही करत नाही. ते कोणीतरी कोणासाठी तरी बनवलेलं असतं. दिवाळी अंकात माझा लेख आला तो हेच सांगायला. मी स्टोव्हची चाचणी पाहायला गेले होते. कमरेइतक्या उंच टेबलावर स्टोव्ह, समोर पँट आणि बूट घातलेला माणूस उभा, हातात घड्याळ. रॉकेल गाळलेलं. स्टोव्ह पास. आणि हाच स्टोव्ह घरी येतो तेव्हा जमिनीवर असतो, पुढ्यात उकिडवी बसलेली बाई असते, तिचा पदर असतो, पाठीला मूल असतं, रॉकेल रेशनचं, निम्मं पाणी. मी त्या साहेबांना विचारलं, तुमच्या चाचणीत स्टोव्ह आहे, भांडं आहे, घड्याळ आहे, बाई कुठे आहे? ते म्हणाले, बाईची चाचणी करायची नसते मॅडम. लेखाचं नाव तिथेच ठरलं, "चाचणीत नसलेली बाई".

लेखाचं कौतुक झालं. तीन ठिकाणी व्याख्यानं झाली. आणि मालन जळाली.

१५ जानेवारी

संध्याकाळी धाकूकाका आले. शेवंतीकाकू बरोबर आल्या होत्या, पण खालीच गेटापाशी थांबल्या. दुःखात माणसाला जिने चढवत नाहीत.

काकांनी एकच विचारलं.

"बाय, स्टो असो आपसूक भडकता काय गो? खराच सांग."

मला इतकं बरं वाटलं. हे कोणीतरी मला विचारावं म्हणून तर मी लेख लिहिला होता. मी त्यांना सगळं समजावलं. बर्नर नीट तापला नाही की रॉकेलची वाफ होत नाही, तसंच बाहेर उडतं आणि पेट घेतं. भोकात कचरा बसला आणि वर पंप मारत राहिलं की टाकीत दाब वाढतो. कागदावर आकृती काढून दाखवली. त्यांनी विचारलं, चांगल्या कंपनीचा असला तरी? मी म्हटलं, चांगल्या कंपनीचा असला तरी. त्यांनी विचारलं, म्हणजे कोणाचा हात लागायला नको? मी म्हटलं, नको, हेच तर मी ओरडून सांगते आहे, बाईचा हात लागायला नको, तिचा हलगर्जीपणा नको, स्टोव्हच तसा केलेला आहे.

काकांनी आकृतीचा कागद घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाले, तुझा तो लेख छापून आलाय तो अंक दे. मी अंक दिला. त्यांनी तो प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळला आणि काखेत धरला. प्राध्यापक लोक माझा लेख चाळून "छान आहे हं" म्हणतात. हा माझा पहिला खरा वाचक.

जाताना ते जिन्यात थांबले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. बाबांनंतर कोणी ठेवला नव्हता.

२२ जानेवारी

मला तो स्टोव्ह अभ्यासाला हवा होता. नेमका कुठे फुटला, शिवण उसवली का बर्नर उडाला, हे पाहून पुढचा लेख करायचा होता. हे असंच होतं, उगाच उदात्त काही लिहीत नाही. काकांना बरोबर चला म्हटलं तर म्हणाले, ड्यूटी आहे. म्हणून आमच्या बायकांच्या गटातल्या नलिनीला घेऊन गेले. ती वकील आहे आणि पोलीस स्टेशनात कोणाशी कसं बोलायचं ते तिला कळतं.

हवालदारानं गोणपाटातून स्टोव्ह काढून टेबलावर ठेवला. पितळी, पंपाचा, नेहमीचा.

तो फुटलेला नव्हता. शिवण शाबूत. टाकी जवळजवळ भरलेली. हवा सोडायची किल्ली पूर्ण सैल, म्हणजे टाकीत दाबच नाही. बर्नरखालची वाटी, जिथे काकडा पेटवून ठेवतात, ती चकचकीत. कुठे काजळी नाही. मी बोट फिरवलं, बोट स्वच्छ. मी पुन्हा फिरवलं.

स्टोव्ह पेटवलेलाच नव्हता.

नलिनीनं तोवर इस्पितळाच्या कागदाची नक्कल मिळवली होती. डोकं, खांदे आणि पाठ. मालनची पाठ जळाली होती. पोट आणि मांड्या नाहीत. स्टोव्हकडे पाठ करून स्वयंपाक कोण करतं?

मी हवालदाराला हे सांगितलं. तो म्हणाला, पळाली असेल घाबरून, मग मागनं पेटलं. मी म्हटलं, न पेटवलेल्या स्टोव्हला घाबरून पळाली? तो म्हणाला, म्याडम, माहेरच्यांची तक्रार हाय का? नाय ना? मग तुमाला काय झालंय?

मला काय झालंय. वा.

२३ जानेवारी

वर्गात आज उष्णतेवर बोलता बोलता मधेच थांबले. मुलांना वाटलं, खडू मोडला म्हणून.

राग नक्की कोणावर काढायचा तेच कळत नाही. मी म्हणाले, यंत्र दोषी आहे, तर सहदेव सुटतो. (सहदेव म्हणजे मालनचा नवरा. एका छोट्या कारखान्यात फिटर आहे, लग्नात त्यानं मला वाकून नमस्कार केला होता.) मी म्हणाले, यंत्र निर्दोष आहे, तर कंपनी सुटते, आणि खरोखर भडका उडून मेलेल्या सगळ्या बायका पुन्हा वेंधळ्या ठरतात. मला दोघेही हवेत. कंपनीही हवी आणि सहदेवही हवा. पण कोर्टकचेरीत एका वेळी एकच आरोपी उभा करता येतो आणि त्यांना तो पितळेचा मिळाला तर बरंच आहे, त्याला वकील लागत नाही.

इतकी वर्षं मी स्टोव्हकडे बोट दाखवत होते. मागे उभा असलेला माणूस मस्तपैकी माझ्या बोटाआड लपला.

३ फेब्रुवारी

धाकूकाकांच्या खोलीवर गेले. त्यांना सांगायचं होतं की स्टोव्ह पेटवलेला नव्हता. नव्या कायद्याप्रमाणे लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत बाई अशी गेली की मॅजिस्ट्रेटसमोर चौकशी होते, तिथे माहेरच्यांनी ठाम उभं राहायला हवं, हे सगळं सांगायचं होतं.

दार उघडं होतं आणि आत कोण बसलेलं असावं? सरूबाई. मालनची सासू. खुर्चीवर. चहा पीत. पुढ्यात पोह्यांची बशी, वर खोबरं, कोथिंबीर. कमळ, म्हणजे मालनची धाकटी बहीण, डोक्यावरून पदर घेऊन पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. घरात साडी नेसणारी पोर नाही ती, नेहमी परकर-पोलक्यावर असते किंवा कंपनीच्या झग्यात. मालनची दोन वर्षांची मुलगी तिच्या पायाला मिठी मारून होती.

माझं डोकंच सरकलं. मी उंबऱ्यातच म्हटलं, ही बाई इथे काय करते आहे? शेवंतीकाकू म्हणाल्या, नातीक बघूक इली. सरूबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, पोरीला मावशीचा लळा लागला तो बरा झाला. मग त्यांनी कमळला जरा इकडे ये, म्हणून बोलावलं आणि तिचे हात हातात घेऊन उलटेसुलटे पाहिले. कामाचे हात आहेत म्हणाल्या.

मी सरळ मोठ्यानं सांगून टाकलं. स्टोव्ह पेटवलेला नव्हता. सासूसमोरच सांगितलं, तिला कळू दे. सरूबाईंनी बशी खाली ठेवली. काका म्हणाले, मगे बोलया आपण, बाय.

बाहेर नळापाशी कमळ भेटली. ती पॅकिंगचं काम करायची ती कंपनी सोडली म्हणाली. मी तिलाही झापलं. हातातली नोकरी कोणी सोडतं का, मूल सांभाळायला तुझी आई आहे ना? ती म्हणाली, ताई, तुला पोहे राहिलेत, खाऊन जा. मी नाही खाल्ले. ज्या घराण्यानं मुलगी जाळली त्याला पोहे करून वाढायचे. ह्या आपल्या माणसांच्या मऊपणाचा मला संताप येतो.

१४ फेब्रुवारी

चौकशीची तारीख लागली. मला तज्ज्ञ म्हणून बोलावलं आहे. चंद्रप्रकाश जेवताना म्हणाला, धाकूकाकांकडे काय चाललंय ते विचारलंस का? मी म्हटलं, काय चालणार, रडतायत. तो काहीतरी बोलणार होता, मग त्यानं ताक ओतून घेतलं. मी त्याला किल्लीचा मुद्दा पुन्हा समजावून सांगितला. किल्ली सैल असताना दाब राहूच शकत नाही, ह्याच्यावर कोणाचं काही चालणार नाही. तो म्हणाला, किल्ली मला कळली, मृणाल.

ह्या माणसाला कशानंच राग येत नाही. मीच का सगळ्या घराचा राग करायचा?

२६ फेब्रुवारी

सगळं जसं झालं तसं लिहिते, नाहीतर उद्या मीच मला खोटं पाडीन.

बाकावर एका बाजूला मी आणि नलिनी, समोर सहदेव. दाढी वाढलेली, शर्टाला इस्त्री. मालनची मुलगी कमळच्या खांद्यावर झोपली होती आणि कमळ सरूबाईंना लागून बसली होती. दुसरीकडे जागा नसावी.

आधी धाकूकाकांना बोलावलं. मी खूण केली, घाबरू नका. ते हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "आमची कोणावर तक्रार नाय, साहेब. स्टो भडाकलो." मग त्यांनी काखेतली प्लॅस्टिकची पिशवी उघडली. माझा दिवाळी अंक. आत खूण म्हणून माझ्याच हातची आकृती. ते म्हणाले, ह्या आमच्या गावच्या, माझ्या दोस्ताची मुलगी, कालेजात शिकवतात, त्यांनी लिवलेला आसा, स्टो आपसूक भडकता. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

अधिकाऱ्यानं अंक ठेवून घेतला. मग मला बोलावलं. मी सांगितलं, शिवण शाबूत होती, किल्ली सैल होती, वाटी स्वच्छ होती, पाठ जळाली होती. स्टोव्ह पेटलेला नव्हता, ह्यात वादाला जागा नाही. नीट, सावकाश सांगितलं. टंकलेखक उतरवून घेत होता.

अधिकारी माणूस सभ्य होता. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं विचारलं, हा लेख तुमचाच ना? "पंपाचा कुठलाही स्टोव्ह, कुठल्याही घरात, कोणाच्याही चुकीशिवाय भडकू शकतो," हे तुमचंच वाक्य? मी म्हटलं, हो, पण पेटवलेला असेल तर. तो म्हणाला, ते इथे लिहिलेलं नाही. नव्हतंच लिहिलेलं. त्यात काय लिहायचं, ते गृहीत होतं.

मग त्यानं पान उलटलं आणि पेन्सिलीनं खूण केलेलं दुसरं वाक्य वाचलं.

"'कुठलीही चाचणी निःपक्ष नसते. ती कोण करतं यावर तिचं उत्तर ठरतं.' हे पटतं तुम्हाला अजून?"

मी म्हटलं, पटतं.

"मग बाई, तुमची ही चाचणी निःपक्ष आहे का? तुम्ही ह्या मुलीला लहानपणापासून ओळखत होता ना?"

ह्यावर मी जे बोलले ते सगळं खरं होतं. मी म्हटलं की निःपक्ष नसणं म्हणजे खोटं असणं नव्हे. जी माणसं स्टोव्हपुढे कधी बसलीच नाहीत त्यांची चाचणी ही सुद्धा एक बाजूच आहे, फक्त तिला बाजू म्हणत नाहीत. मी मालनच्या बाजूनं बघते म्हणूनच मला वाटीत काजळी नाही हे दिसलं. तुमच्या हवालदारानं ती वाटी महिनाभर जवळ ठेवली आणि तिच्याकडे पाहिलं नाही. आपण कुठे उभे राहून पाहतो हे सांगून टाकणाऱ्यावर अविश्वास, आणि न सांगणाऱ्यावर विश्वास, हा कुठला न्याय? बोलता बोलता टंकलेखकाचे हात थांबलेले दिसले. अधिकाऱ्यानं त्याला कधीच थांबवलं होतं. त्यानं मला पाणी देववलं.

नोंद झाली, अपघात. तज्ज्ञांच्या पूर्वप्रसिद्ध मताशी सुसंगत.

बाहेर आल्यावर सहदेवनं मला वाकून नमस्कार केला.

२७ फेब्रुवारी

कॉलेजला गेले नाही.

५ मार्च

आज मी चंद्रप्रकाशला म्हटलं, काकांनी असं का केलं हेच मला कळत नाही, कोणी पैसे चारले, धमकी दिली, काय झालं असेल? तो इस्त्री करत होता. तो म्हणाला, कमळचं ठरलंय, सहदेवशी.

मी विचारलं, तुला कधी कळलं? तो म्हणाला, "पोहे केले त्याच दिवशी. तूच आल्यावर सांगितलंस, हात उलटेसुलटे बघितले म्हणून."

मीच सांगितलं. माझ्याच तोंडानं. मला त्या खोलीत फक्त स्टोव्ह दिसत होता.

तशीच चप्पल घालून धाकूकाकांकडे गेले. काय काय बोलले ते आठवत नाही, खुनी हा शब्द बऱ्याचदा आला. एक मुलगी जाळली त्यांना दुसरी देताय, वर माझ्या लेखाचा शिक्का मारून देताय. काका गेटवरून नुकतेच आले होते, खाकी अंगावरच होती. त्यांनी मला बोलू दिलं. मग दार लोटून घेतलं.

"माका कळाक नाय असा वाटता तुका?" ते म्हणाले. "बाय, ज्या दिवशी इस्पितळात मालनाक बघलंय, त्याच दिवशी कळला. तिची पाठ मी बघलंय."

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. पोर त्या घराची आहे, ते सोडणार नाहीत. तक्रार करून सहदेव आत गेला तर पोर म्हातारीकडे. नाही गेला तर वर्षाच्या आत दुसरी आणणार, ती सवतीची पोर कशी बघेल, तीही मुलगी. आपली कमळ तिथे असली तर मालनची पोर जगेल. आमच्यात असंच करतात, मेहुणीच देतात, पोरासाठी. आणि मुलगी द्यायची तर ज्यांनी जाळली त्यांना दिली असं मनात ठेवून देता येत नाही. भावकीला तोंड दाखवायचं असतं. स्टोव्ह भडकला म्हटलं की देता येते. म्हणून तुला विचारायला आलो होतो. तू शिकलेली, तू म्हणालीस भडकतो.

मी म्हटलं, पण ते खोटं आहे. ते म्हणाले, तू तर खरं म्हणून सांगितलंस.

शेवंतीकाकू तोवर भिंतीकडे तोंड करून तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान न वळवता विचारलं, "तू घेशीत पोराक?"

मी म्हटलं, हा प्रश्नच चुकीचा आहे. मी म्हटलं, मुलाचा ताबा कायद्यानं बापाकडे जातो, मी घेईन म्हणून मिळणार आहे का? मुद्दा एका मुलाचा नाही, मुद्दा हा की बाईच्या जिवाची किंमत दरवेळी दुसऱ्या बाईनंच का चुकवायची. काकू तांदूळ निवडत राहिल्या. मी बराच वेळ बोलले. बरोबरच बोलले. मला अजूनही वाटतं, प्रश्न चुकीचाच होता.

घरी येऊन पाहिलं तर चंद्रप्रकाशनं माझ्यासाठी ताट झाकून ठेवलं होतं. मी त्याला काकूंचा प्रश्न सांगितला. तो म्हणाला, मग तू काय म्हणालीस? मी सांगितलं. तो हं म्हणाला आणि बराच वेळ बाल्कनीत उभा राहिला. आम्हाला मूल नाही. त्याचा इथे काय संबंध?

१९ मार्च

जिंकले. दिल्लीच्या एका समितीनं माझ्या लेखाचा इंग्रजी गोषवारा वाचला. सुरक्षित स्टोव्हचं नवं मानक ठरवायचं आहे, त्यात सदस्य म्हणून या म्हणतात. चाचणी आता जमिनीवर होणार. रॉकेल रेशनच्या दर्जाचं घेणार. आणि चाचणीत बाई असणार.

बाई म्हणजे लाकडी पुतळा. उकिडवा बसवलेला, साडी नेसवलेला. पदर किती अंतरावर पेट घेतो ते मोजायला.

मी हसले आणि मग मला हसू आवरेना. सात वर्षं मी म्हणते आहे की चाचणीत बाई आणा. आणली त्यांनी. तिला तोंड नाही, ती कोणाची सून नाही, तिच्या मागे कोणी उभं नाही. पुतळ्याच्या पुढून आग येईल तेवढी मोजतील, मागून येणारी मोजायची त्यात सोयच नाही.

नलिनी म्हणते जा, आत शिरल्याशिवाय काही बदलत नाही, निदान पेटवलेले स्टोव्ह तरी कमी भडकतील. बरोबर आहे तिचं. मी जाणारच आहे. पण मालनचं नाव त्यांच्या आकडेवारीत अपघात म्हणूनच असणार, आणि मी सही करताना ते मला ठाऊक असणार. हे कुठल्या लेखात लिहायचं?

३० मार्च

काकांनी निरोप पाठवला. कमळला माहेरून स्टोव्ह द्यायचा आहे, चांगल्यातला निवडून दे, तुला कळतं. मी निरोप आणणाऱ्याच्या तोंडावर दार आपटलं. नंतर वाईट वाटलं, तो बिचारा शेजारच्या सोसायटीचा माळी होता.

१९ एप्रिल

दुपारी बेल वाजली. दारात कमळ, हातात वायरची पिशवी, पिशवीत नवा कोरा स्टोव्ह. येत्या मंगळवारी, अक्षय्य तृतीयेला लग्न आहे. मला वाटलं पत्रिका द्यायला आली. मी मनाशी ठरवलं होतं की ती भेटली तर काय काय बोलायचं. तू सज्ञान आहेस, नाही म्हणू शकतेस, आमच्या गटात ये, राहायची सोय करू, नलिनी नोटीस काढेल. मी सुरुवातही केली.

ती म्हणाली, "ताई, तू फक्त बघ. बोलू नको."

ती सरळ स्वयंपाकघरात गेली. माझ्या गॅसच्या ओट्याकडे तिनं पाहिलंही नाही. जमिनीवर मोकळी जागा बघून स्टोव्ह ठेवला, खिडकी उघडली, पदर खोचून गाठ मारली. मला म्हणाली, साडी सुती आहे, हात लावून बघ. मी हात लावून पाहिला. म्हणाली, नायलॉनची मी नेसत नाय, तिथे पण नेसणार नाय. मग तिनं रॉकेल गाळून भरलं, किल्ली सैल ठेवून काकडा लावला आणि बर्नर तापेपर्यंत शांत बसून राहिली. घाई नाही. किल्ली आवळली, थोडा पंप मारला. ज्योत निळी आली. भोकात पिन मारली, ज्योत जरा हलली आणि पुन्हा नीट झाली. तिनं वर चहा ठेवला. उतू गेला नाही. मग किल्ली सैल केली, हवा सुस्कारा टाकत निघून गेली, स्टोव्ह विझला. तिनं गाठ सोडून पदर पुन्हा खांद्यावर घेतला.

मी बघत होते. एवढ्या वर्षांत मी स्टोव्ह पेटवणाऱ्या बाईकडे इतका वेळ कधी बघितलं नव्हतं.

चहा तिनं दोन कपांत ओतला. मग म्हणाली, "बघितलंस ना सगळं? पहिल्यापासून?"

मी म्हटलं, हो.

"लक्षात ठेव मग. मालूच्या वेळी कोणी बघितलेलं नव्हतं. माझ्या वेळी कोण काय बोललं ना, भडकला बिडकला, तर तू जायचं आणि सांगायचं. तुझं लिवलेलं नाय सांगायचं. हे सांगायचं."

मी विचारलं, कमळ, तुला भीती वाटत नाही? ती म्हणाली, वाटते ना, मला मरायचं नाय. मग तिनं चहा संपवला, दोन्ही कप विसळून पालथे घातले. स्टोव्ह गार व्हायची वाट पाहिली, पिशवीत घातला आणि निघाली. पोरीला शेजारणीकडे ठेवलं होतं, ती उठायच्या आत पोचायचं होतं.

मी समितीच्या पत्राला अजून उत्तर लिहिलेलं नाही. ते उद्या लिहीन. आज हे लिहिते, आणि उद्या नलिनीला वाचून दाखवून तिची सही घेईन.

आज, १९ एप्रिल १९८५, मुलुंड इथल्या माझ्या घरी, कमळनं माझ्यासमोर पंपाचा स्टोव्ह पेटवला, त्यावर चहा केला आणि स्टोव्ह विझवला. तिचा हात सुरेख आहे. ती घाई करत नाही. ती स्टोव्हकडे पाठ करून बसत नाही. तिची साडी सुती होती. तिला मरायचं नाही, हे ती शुद्धीत असताना मला म्हणाली. हे सगळं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, मी निःपक्ष नाही, आणि ती जिवंत असताना लिहिते आहे.